पाठीवरची दोन बटणं

टेलकोटाच्या पाठीवर, नेमकी कंबरेच्या रेषेवर, दोन बटणं असतात. काळ्या कापडात मढवलेली, एकमेकांपासून वीतभरही लांब नसलेली. त्यांच्यासाठी कुठेही काज नसतं. ती काही बंद करत नाहीत, काही तोलून धरत नाहीत, आणि कोट घालणाऱ्याला स्वतःला कधी दिसतही नाहीत. पुढच्या बाजूला तीन-तीन बटणांच्या दोन रांगा असतात, त्यांचीही गत तीच. टेलकोट बंद करायचं म्हटलं तरी तो बंद होत नाही. दोन्ही बाजू छातीवर एकमेकींना भेटूच नयेत असा तो बेतलेला असतो. पुढे सहा, मागे दोन, आणि एकाही बटणाला काम नाही. तरीही कसलेला शिंपी ती आठही बटणं ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर लावतो, आणि त्यातलं एक जरी कमी झालं तरी जाणत्या डोळ्याला तो कोट अपुरा वाटतो.

पाश्चात्त्य जगातल्या सर्वांत औपचारिक संध्याकाळच्या पोशाखाला व्हाइट टाय म्हणतात. पुढे आखूड आणि मागे लांब शेपट्या असलेला काळा टेलकोट, त्याच्या लॅपेलवर रेशमाचं आच्छादन. खळ घालून फळीसारखा ताठ केलेला पांढरा शर्ट. त्याला वेगळी जोडलेली, टोकं पुढे दुमडलेली उभी कॉलर. मार्सेला नावाच्या उठावदार विणीच्या सुती कापडाचा पांढरा वेस्टकोट. त्याच कापडाचा, हाताने बांधलेला पांढरा बो. बाहेरच्या शिवणीवर फितीची पट्टी असलेली काळी पँट. आणि चकचकीत काळे बूट. वेस्टकोटाची खालची कड कोटाच्या पुढच्या कडेखाली दिसता कामा नये, हा नियम आजही कसोशीने पाळला जातो. दर वर्षी 10 डिसेंबरला स्टॉकहोममध्ये नोबेल पुरस्कार घेणारे शास्त्रज्ञ हा पोशाख करतात. व्हिएन्नाच्या ऑपेरा बॉलमध्ये तो अनिवार्य असतो, आणि बकिंगहॅम राजवाड्यातल्या शाही मेजवान्यांतही तोच दिसतो. मेणबत्त्या, व्हायोलिन आणि वॉल्ट्झ यांच्या सोबतीला असलेला हा पोशाख शांततेचा, सुबत्तेचा, सभ्यतेचा वाटतो. पण त्याची एकेक शिवण उसवत गेलं की आत घोडे, तलवारी आणि पलटणी सापडू लागतात.

सुरुवात घोड्यापासूनच करावी लागते. अठराव्या शतकातल्या युरोपीय पुरुषाचा कोट गुडघ्यापर्यंत लांब आणि भरपूर घेराचा असे. खोगिरावर बसताना तो घेर मांडीखाली चुरगळे, म्हणून पुढचा भाग कापून मागे वळवण्यात आला आणि पाठीला मधोमध चीर दिली गेली. सैन्यात याच्याही पुढचं पाऊल पडलं. सैनिक कोटाच्या घेराची टोकं मागे दुमडून अडकवून ठेवत, त्यामुळे चालायला पाय मोकळे राहत आणि आतलं रंगीत अस्तर बाहेर दिसे. कोणत्या पलटणीचा सैनिक आहे, हे त्या रंगावरून ओळखू येई. कॉलर, बाह्यांची टोकं आणि छातीवर उलटवलेल्या बाजूही त्याच रंगाच्या असत. त्या रंगीत भागांना फेसिंग म्हणत. आजच्या टेलकोटाच्या लॅपेलवर जे काळं रेशीम असतं, त्यालाही शिंप्यांच्या भाषेत फेसिंगच म्हणतात. रंग गेला, पलटण गेली, शब्द मात्र कापडाला चिकटून राहिला.

पाठीवरच्या दोन बटणांची कारणं दोन सांगितली जातात. एक, घोड्यावर बसताना घेराची टोकं त्यांना अडकवता येत. दुसरं, तलवारीचा पट्टा खाली घसरू नये म्हणून त्यांचा आधार असे. दोन्ही कारणं घोडेस्वाराचीच. आणि दोन्हींतला मुख्य ऐवज आता हजर नाही. घोडा तबेल्यात राहिला, तलवार भिंतीवर गेली.

तलवार भिंतीवर जाण्याचीही एक कथा आहे. इंग्लंडमधल्या बाथ या गरम झऱ्यांच्या गावी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड नॅश नावाचा माणूस समारंभांचा प्रमुख होता. लोक त्याला ‘ब्यू’ नॅश म्हणत. तोवर सभ्य गृहस्थाच्या कंबरेला तलवार असणं हे त्याच्या प्रतिष्ठेचं लक्षण होतं. नॅशने नाचाच्या दिवाणखान्यात तलवार आणायला बंदी केली, घोडेस्वारीच्या बुटांनाही. रागाच्या भरात पात्याला हात जाऊ नये, एवढी साधी त्यामागची भूमिका होती. सरदार-जमीनदारांनी ती मानली, हे विशेष. शस्त्र दाराबाहेर राहिलं. शस्त्रासाठी बेतलेला कोट मात्र आत आला.

त्या कोटाला आजचा आकार देण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो जॉर्ज ब्रमेल स्वतः लष्करातून आलेला होता. 1778 मध्ये जन्मलेला ब्रमेल 1794 मध्ये दहाव्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळाच्या पलटणीत कनिष्ठ अधिकारी झाला. तिचा प्रमुख होता युवराज, पुढचा चौथा जॉर्ज. लढाई ब्रमेलने पाहिली नाही, आणि 1798 मध्ये पलटण मँचेस्टरला हलणार असं कळल्यावर त्याने नोकरी सोडली. पण चार वर्षांत गणवेशाचं मर्म त्याने टिपलं. अंगाला घट्ट बसणारा कोट, चोख शिवण, स्वच्छ पांढरं कापड आणि कमीत कमी रंग. लंडनमध्ये परतल्यावर संध्याकाळी तो निळा टेलकोट, पांढरा वेस्टकोट आणि घोट्याशी घट्ट बसणारी काळी पँट घालू लागला. जरी, मखमल, पावडर लावलेले टोप हे सगळं त्याच्यासमोर अचानक जुनं वाटू लागलं. गळ्याचं पांढरं कापड तो हलकी खळ घालून बांधत असे. कर्ज फार झाल्यामुळे 1816 मध्ये त्याला फ्रान्सला पळून जावं लागलं, आणि 1840 मध्ये कॅन शहरातल्या एका मनोरुग्णालयात, अत्यंत हलाखीत, तो वारला. पुरुषांच्या पोशाखातला त्याचा साधेपणा मात्र त्याच्यामागे दोनशे वर्षं चालत आला.

पलटणीतला गणवेश आणि दिवाणखान्यातला कोट एकमेकांसारखे होण्यामागे एक अगदी घरगुती कारणही होतं. दोन्ही शिवणारे हात एकच होते. जेम्स पूल याने 1806 मध्ये लंडनमध्ये दुकान काढलं आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात लष्करी कपडे शिवून नाव कमावलं. त्याचा मुलगा हेन्री याने 1846 मध्ये सॅव्हिल रोवर जम बसवला आणि राजघराण्यांचे कपडे शिवले. इंग्रज शिंप्यांकडे लोकरीचं जाड कापड होतं. वाफ आणि इस्तरी वापरून ते ताणता येतं, आक्रसवता येतं, छातीच्या गोलाईवर बसवता येतं. रेशमाला हे जमत नाही. अधिकाऱ्याची छाती भरदार दिसावी म्हणून कापडाच्या आत भर घालायची, कंबर आवळायची, पाठ सरळ ठेवायची, हे कसब ज्यांनी संचलनासाठी कमावलं, त्यांनीच ते नाचाच्या कोटात ओतलं. टेलकोट घातलेला माणूस आपोआप ताठ उभा राहतो. त्याला कुणी ‘सावधान’ म्हणावं लागत नाही.

मग रंग बदलला. ब्रमेलचा निळा कोट हळूहळू काळा झाला. 1828 मध्ये आलेल्या एडवर्ड बुलवर-लिटनच्या ‘पेलम’ या कादंबरीने संध्याकाळच्या काळ्या रंगाची आवड पसरवली, आणि शतकाच्या मध्यापर्यंत काळा टेलकोट हाच सभ्य पुरुषाचा संध्याकाळचा कोट ठरला. नेमक्या त्याच वेळी सैन्याने त्या बेताकडे पाठ फिरवली. ब्रिटिश पायदळाचा पुढे आखूड आणि मागे शेपट्या असलेला कोट क्रिमियाच्या युद्धाच्या सुमारास, 1855 मध्ये, गेला आणि त्याच्या जागी सगळीकडून सारखा लांब असलेला ट्युनिक आला. त्याआधीच, 1840 च्या दशकात, पेशावरला हॅरी लम्सडेन याने उभारलेल्या गाइड्स पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे स्वीकारले होते. ‘खाक’ म्हणजे धूळ; त्यावरून खाकी. लांब पल्ल्याच्या रायफली आल्या आणि लाल रंग म्हणजे मृत्यूला आमंत्रण ठरू लागला. 1885 च्या अखेरीस सुदानातल्या गिनिसच्या लढाईत ब्रिटिश सैनिक लाल कोट घालून शेवटचे लढले. 1902 मध्ये खाकी हा सगळ्या ब्रिटिश सैन्याचा कामाचा पोशाख झाला.

सैनिकाने दिसेनासं व्हायला शिकून घेतलं, आणि त्याने टाकलेला आकार मेजवानीच्या टेबलावर येऊन बसला.

गळ्यातला पांढरा बो याहूनही जुना सैनिक आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या सेवेत आलेल्या क्रोएशियन घोडेस्वारांच्या गळ्यात बांधलेलं कापड फ्रेंचांना आवडलं. ‘क्रोआट’ या नावावरून ‘क्रावात’ हा शब्द झाला, त्यातून इंग्रजीतला क्रॅव्हॅट. 1692 मध्ये स्टेनकर्कच्या लढाईत फ्रेंच अधिकाऱ्यांवर अचानक हल्ला झाला. गळ्याचं कापड नीट बांधायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी ते पीळ देऊन कोटाच्या काजात खुपसलं आणि ते धावले, अशी हकीकत आहे. ती घाई पुढे फॅशन झाली आणि ‘स्टेनकर्क’ या नावाने पॅरिसभर मिरवली. गडबडीत मारलेली ती गाठ, आणि आज आरशासमोर उभं राहून, दोन्ही बाजू समान होईपर्यंत पुन्हा पुन्हा सोडून बांधलेला पांढरा बो. मधे तीन शतकं गेली, पण कुळ एकच.

पँटवरची फीतही छावणीतूनच आली. नेपोलियनच्या काळातले घोडेस्वार तंग विजारीवर जाड पायघोळ चढवत. ते बुटांवरून घालता यावं म्हणून बाहेरच्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत बटणं असत. पुढे बटणं गेली आणि त्यांच्या जागी पट्टी राहिली, पलटणीच्या गणवेशात रंगीत किंवा सोनेरी, टेलकोटाखाली काळी. संध्याकाळच्या समारंभात पँट घालणंसुद्धा एके काळी धाडसाचं होतं. लंडनच्या अल्मॅक्स या नाचघरात गुडघ्यापर्यंतच्या विजारीचा नियम होता आणि काळी पँट घालून आलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दारातूनच परत पाठवलं, अशी आख्यायिका सांगितली जाते.

हा वेलिंग्टन मराठी वाचकाला परका नाही. ड्यूक होण्याआधी, आर्थर वेलस्ली या नावाने, त्याने 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या माळावर शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी घनघोर लढाई केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गाविलगड घेतला. असईला केळणा नदीच्या काठी हजारो माणसं पडत होती, तेव्हा ब्रमेल लंडनच्या आरशासमोर आपल्या गळपट्ट्याच्या घड्या बसवत होता. एकाच काळातले, एकाच बेताचे कपडे घातलेले हे दोन पुरुष. तलवार नाचघराच्या दारात ठेवण्याची सभ्यता आणि ती परक्या मुलखात उपसण्याची मुभा एकाच कपाटात टांगलेली होती. या पोशाखाचं सौंदर्य मनापासून मान्य करणाऱ्यालाही ही नोंद टाळता येत नाही.

पूर्वेकडून युरोपने पोशाखही घेतला. 1666 च्या ऑक्टोबरात, लंडनच्या भीषण आगीनंतर महिनाभराने, दुसऱ्या चार्ल्स राजाने दरबारासाठी एका नव्या अंगरख्याची घोषणा केली. सॅम्युअल पीप्सने ती रोजनिशीत टिपली, आणि जॉन एव्हलिनने तो बेत इराणी धर्तीचा असल्याचं लिहिलं. आजचा वेस्टकोट त्या अंगरख्याचा वंशज. आणि टेलकोटाचा धाकटा भाऊ म्हणजे ब्लॅक टाय या जरा कमी औपचारिक पोशाखातलं आखूड डिनर जॅकेट. त्याच्या कंबरेला जो रुंद रेशमी पट्टा असतो तो तर थेट आपल्याकडचा, कमरबंद. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या उकाड्यात वेस्टकोट नकोसा झालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मेसमध्ये जेवताना तो कंबरेला गुंडाळायला सुरुवात केली. इंग्रजांनी त्याचं ‘कमरबंड’ केलं. मराठा शिलेदाराच्या कमरबंदात कट्यार खोवलेली असे. लढाईला निघताना तो घट्ट आवळत, आणि ‘कंबर कसणं’ आपल्या भाषेत आजही जिवंत आहे. जेवणाच्या टेबलावरच्या कमरबंदात कट्यार नाही. पाठीवरच्या दोन बटणांचीच गोष्ट ही: शस्त्र गेलं, शस्त्राची जागा राहिली.

सैन्यानेही संध्याकाळ पूर्णपणे सोडली नाही. कामाला खाकी आणि जेवणाला मेस ड्रेस अशी वाटणी झाली. भारतीय सैन्याच्या मेसमध्येही डिनर नाइटला अधिकारी हा पोशाख करतात, त्यावर छोट्या आकाराची पदकं लावतात. समारंभाच्या नियमांत मेस ड्रेस आणि व्हाइट टाय यांना एकाच पंगतीत बसवलेलं आहे. व्हिएन्नाच्या बॉलमध्ये तर काळ्या टेलकोटांच्या रांगेत गणवेश सहज मिसळून जातो. व्हाइट टायच्या निमंत्रणावर कधी कधी पदकांचा उल्लेख असतो. तेव्हा डाव्या लॅपेलवर चिमुकली पदकं येतात, गळ्यात मानचिन्ह येतं, छातीवरून तिरका पट्टा उतरतो, आणि कोट क्षणभर आपल्या मूळ घरी जाऊन येतो. विंडसरच्या राजवाड्यात राजघराण्यातले पुरुष अजूनही लाल कॉलरचा निळा टेलकोट घालतात. तिसऱ्या जॉर्जने अठराव्या शतकात ठरवून दिलेला तो पोशाख गणवेश म्हणावा की दरबारी कपडा, याचं उत्तर कापड देत नाही.

या कोटाची ओढ आणि त्याचं ओझं दोन्ही एका भारतीय विद्यार्थ्याने अनुभवलं. 1888 मध्ये लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे की त्यांनी 19 शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर 10 पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवून घेतला, टाय बांधायला शिकले आणि रोज 10 मिनिटं मोठ्या आरशासमोर घालवली. नाचाचे, व्हायोलिनचे धडेही घेतले. काही महिन्यांत हा नाद त्यांनी सोडला. नोव्हेंबर 1931 मध्ये तेच गांधी पंचा आणि शाल अशा वेषात बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्जला भेटायला गेले. त्या दरवाजातून आत जाणाऱ्या पुरुषाने काय घालावं हे कधीचंच ठरलेलं होतं. ते नियम गांधींना ठाऊक होते, त्यासाठी एकदा पैसेही मोजून झाले होते. म्हणूनच त्या पंच्याचं वजन इतकं मोठं होतं.

स्टॉकहोमने पुढे यातून एक समंजस वाट काढली. नोबेलच्या सोहळ्यात टेलकोटाला राष्ट्रीय पोशाखाचा पर्याय असतो. 1982 मध्ये कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ तिथे लॅटिन अमेरिकेतला पांढरा लिकिलिकी घालून गेले. 10 डिसेंबर 2019 रोजी अर्थशास्त्रज्ञ अभिजित विनायक बॅनर्जी धोतर आणि काळा बंदगळा घालून व्यासपीठावर आले, त्यांच्या सहकारी आणि पत्नी एस्तेर दुफ्लो साडी नेसून आल्या. बॅनर्जींच्या आई निर्मला पूर्वाश्रमीच्या पाटणकर; मुलाच्या नावातला ‘विनायक’ त्या मराठी घराची खूण सांगतो. एका रांगेत सगळे काळे-पांढरे आणि मधे काठाचं धोतर, हे दृश्य विसंगत वाटलं नाही. बंदगळ्याच्या उभ्या कॉलरला कवायतीची शिस्त होतीच.

या पोशाखाने माणसांना वेगळंही केलं आणि सारखंही. मेजवानीला आलेला सरदार आणि त्याला वाइन ओतणारा बटलर या दोघांच्याही अंगावर टेलकोटच असे. फरक काय तो बो आणि वेस्टकोटाच्या रंगात, एकाचा पांढरा, दुसऱ्याचा काळा. 1930 मध्ये ‘मोरोक्को’ चित्रपटात मार्लेन डीट्रिच टेलकोट आणि उंच टोपी घालून पडद्यावर आली, आणि बाईच्या अंगावरही तो तितकाच अधिकाराने बसतो हे जगाने पाहिलं. 1935 च्या ‘टॉप हॅट’मध्ये फ्रेड अॅस्टेअरने तो घालून नाच केला. नीट पाहिलं तर त्या नाचात शिंप्याचं एक रहस्य उघडं पडतं. टेलकोटाचा मुंढा बगलेत अगदी वर कापलेला असतो. म्हणून हात उंच गेला तरी कोट जागचा हलत नाही, कॉलर मानेपासून सुटत नाही.

हे रहस्य सर्वांत जास्त कामाला येतं ते संगीतसभेत. मुंबईत 1936 मध्ये जन्मलेले झुबिन मेहता वयाच्या अठराव्या वर्षी व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत हा मुंबईकर टेलकोट घालून वाद्यवृंदासमोर उभा राहिला. संचालकाचा चेहरा वादकांसाठी असतो; श्रोत्यांच्या वाट्याला येते त्याची पाठ. दिवे मंदावतात, खोकले थांबतात. उजवा हात छोटी पांढरी काठी घेऊन वर जातो, मुंढा हलत नाही, शेपट्या सरळ लोंबत राहतात. पहिला सूर यायच्या आधीच्या त्या क्षणी दोन हजार माणसं एका काळ्या पाठीकडे बघत असतात, आणि त्या पाठीवर, नेमकी कंबरेच्या रेषेवर, दोन बटणं असतात.